चार रंगांखालची लॅम्ब्रेटा

जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर दुरुस्तीला घरी उघडून बसलोय म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, पार्ट मिळतात का? मिळतात हो. पैसे टाकले की दिल्लीहून मिळतात, लंडनहून मिळतात. डोकं खाणारा प्रश्न वेगळाच आहे. पन्नासेक वर्षांत गाडीवर कितीतरी मेकॅनिकांचे हात फिरलेले असतात. त्यातलं कुणाचं काय ते ओळखायचं, आणि काय काढायचं नि काय ठेवायचं ते ठरवायचं. मॅन्युअलमध्ये कंपनीनं काय बसवलं होतं तेवढंच असतं. नंतरचं सगळं गाडीलाच विचारावं लागतं.

माझी गाडी एलआय १५०, सिरीज टू. इंजिन १४८ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५८ मिलिमीटर, चार गियर, दहा इंची चाकं. आरसी बुकावर साल १९६८. इटलीत ही सिरीज १९६१ च्या सुमारास बंद झाली, मग १९६८ ची कुठून आली? तर ही मुंबईची. फर्दिनांदो इनोचेंती हा मूळचा पोलादी नळ्यांचा कारखानदार. मिलानच्या लाम्ब्राते भागातला त्याचा कारखाना महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत बसला, आणि १९४७ साली त्यानं पहिली लॅम्ब्रेटा बाजारात आणली. नळ्यांचा माणूस, त्यामुळे गाडीचा सांगाडाही नळीचा. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआयनं परवाना घेऊन ती मुंबईत बनवली. तिकडे सिरीज थ्री आली तरी आपल्याकडे दुसरीच चालू राहिली, थेट सत्तरच्या दशकात. पुढे इनोचेंतीनं स्कूटरचा धंदा गुंडाळला, भारत सरकारनं यंत्रसामग्री उचलून लखनौला स्कूटर्स इंडिया काढली, आणि एपीआयच्या गाडीचं नाव 'लॅम्बी' झालं. आमच्या पिढीला लॅम्बीच जास्त आठवते.

नळीच्या सांगाड्याचा घरी काम करणाऱ्याला मोठा फायदा आहे. व्हेस्पाचा पत्रा हाच तिचा सांगाडा, तो सडला की गाडी गेली. लॅम्ब्रेटाचा लेगशील्ड, फूटबोर्ड, दोन्ही साइड पॅनल उतरवून ठेवले तरी नळी, इंजिन आणि चाकं शाबूत उभी. कुठूनही हात घाला.

गाडी मिळाली गडहिंग्लजकडच्या एका गावात, गोठ्याच्या कडेला, वैरणीखाली. भंगारच्या भावापेक्षा जास्त दिले, इन्स्टाग्रामवरच्या भावापेक्षा पुष्कळ कमी. छोट्या हत्तीत घालून कोल्हापूरला आणली. वरून काळा रंग, तोही ब्रशनं मारलेला. किक दाबली की हवेत सोडल्यागत खाली जायची, परत यायचं नाव नाही.

इंजिन उतरवणं कागदावर सोपं आहे. पुढे एक लांब बोल्ट, मागे शॉकॲब्सॉर्बरचा बोल्ट, केबली, वायर, पेट्रोलची नळी, झालं. पण तो पुढचा लांब बोल्ट सायलेंट ब्लॉकच्या, म्हणजे इंजिन धरणाऱ्या रबरी बुशच्या, आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. दोन्ही बाजूंनी डिझेल पाजत ठेवलं, पितळी ड्रिफ्टवर, म्हणजे दांड्यावर, ठोकत थोडं या बाजूनं, थोडं त्या बाजूनं. लोखंडी हातोडा थेट मारला की बोल्टाचं तोंड फुलतं आणि मग तो जन्मात निघत नाही. शेजारचे काका दुसऱ्या दिवशी गेटवरून डोकावले. "अजून त्याच बोल्टावर हाय व्हय तुम्ही?" होतो.

इंजिन बाकावर आलं आणि वाचन सुरू झालं. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, काढायला लॅम्ब्रेटाचा पुलर वेगळा असतो, मधल्या आट्यांत फिरवून बसवायचा. तो बहुतेक गॅरेजांत नसायचा, म्हणून इथं छिन्नी चाललेली. नटाच्या सहा कोपऱ्यांपैकी चारांवर वळ. आत क्रँकवरची चावी, म्हणजे फ्लायव्हीलची जागा ठरवणारा खाचेतला छोटा लोखंडी तुकडा, अर्धी कापलेली, म्हणजे फ्लायव्हील कधीतरी ढिलं राहून सरकलं होतं. अर्ध्या चावीवर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कुठल्या कुठे जातं. गाडी उलटी किक मारायला लागते, मेकॅनिक कार्बुरेटर पिळत बसतो. बसला होताच. कार्बुरेटर उघडला तर मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या तोटीचं, भोक सुईनं मोठं केलेलं, कडा ओरखडलेल्या. दुखणं इग्निशनचं आणि औषध पेट्रोलला. चावी काही रुपयांची, जेटही फार महाग नाही, दोन्ही नवे आले. चावीची खाच फ्लायव्हीलच्या बाजूनं थोडी रुंदावली होती, पण टेपर, म्हणजे क्रँकचं निमुळतं टोक, बरा होता. व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट लावून फ्लायव्हील क्रँकवर हातानं घासत बसवलं. पकड टेपरची असते, चावीनं फक्त जागा दाखवायची.

वायरिंगमध्ये घरातल्या फिटिंगची लाल-काळी वायर निघाली, जोडांना चिकटपट्टी. ही काढायची की ठेवायची हा विचारही करावा लागला नाही.

सिलिंडरवर थोडं थांबतो. मूळ बोअर ५७. दर बोअरिंगला दोन-दोन दशांश वाढत वाढत तो ५८ वर गेलेला, आणि तिथंही ओरखडे. आणखी मोठा करण्यात अर्थ नव्हता. नवा सिलिंडर मागवता आला असता, पण हल्ली जे नवे येतात त्यांचं ओतकाम मला पटत नाही. पोर्टांच्या, म्हणजे भिंतीतल्या तोंडांच्या, आत वाळूचे खडे तसेच असतात. आणि कोल्हापुरात राहून ओतीव सिलिंडर बाहेरून मागवायचा, हे जरा लाजिरवाणंच. इथं शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या ऑइल इंजिनांना लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नवी नळी, ठोकण्यात माणसांची हयात गेलेली आहे. तिथल्या एका ओळखीच्या टर्नरकडे सिलिंडर घेऊन गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी सिलिंडर उजेडाकडे धरून आत पाहिलं. "टू स्ट्रोक हाय. लायनर घालणं सोपं, पोर्ट पाडणं नाही."

तेच खरं. डिझेल इंजिनाचा लायनर म्हणजे सरळ नळी. टू स्ट्रोकमध्ये त्याच नळीच्या भिंतीला इनलेट, एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर अशी तोंडं असतात, आणि ती कुठं उघडतात, कधी उघडतात यावर सगळं इंजिन चालतं. मामांनी जुन्या पोर्टांचा ठसा कागदावर घेतला. सिलिंडरात कागद सरकवून बोटानं दाबत फिरवला, कडा उमटल्या. मग लायनर बसवून त्या ठशाप्रमाणं तोंडं पाडली आणि कानशीनं जुळवली. शेवटी प्रत्येक तोंडाची आतली कड बारीक कानसून गोल केली. ही कड राहिली तर पिस्टनची रिंग तिथं येऊन अडकते आणि मोडते. बोअर परत ५७ वर आला. आतला होनिंगचा, म्हणजे शेवटच्या घासकामाचा, तिरपा जाळीदार माग पाहून मी फोटो काढायला लागलो तर मामा म्हणाले, "फोटोत काय दिसत न्हाई, बोट फिरवून बघा."

त्याच दिवशी चेनकेसचं कव्हर सोबत नेलं होतं. किकचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची धातूची कडी, झिजून ऑइल गळणं हा या गाड्यांचा जुना रोग. माझ्या यादीत 'किक बुश नवे' असं लिहिलेलं होतं. मामांनी शाफ्ट घालून हलवून पाहिला, काढला, पुन्हा घातला. बुश गनमेटलचं होतं, कुणीतरी इथंच कुठंतरी लेथवर काढलेलं, आत खाच पाडून रबराची रिंग बसवलेली. रिंग वाळून कडक झाली होती. बुश मात्र जसंच्या तसं.

"हे कुणी केलंय?"

"काय माहीत. आधीच्या कुणीतरी."

"काम फस्क्लास हाय की. काढायचं कशाला? रिंग बदला आणि ऱ्हाऊ दे."

राहू दिलं. माझ्या मते या गाडीत बसवलेली ती सर्वांत चांगली वस्तू आहे, आणि ती मिलानचीही नाही, मुंबईचीही नाही. त्यानंतर मी यादीच नव्यानं केली. आधीच्या दुरुस्तीनं दुखणं बरं केलंय की नुसतं झाकलंय, एवढंच पाहायचं. बरं केलं असेल तर हात लावायचा नाही. स्टँडच्या ब्रॅकेटजवळ सांगाड्याला मारलेली पट्टी राहिली. मागच्या हबमध्ये शाफ्टवरची पकड ढिली झाली म्हणून कापून घातलेला पत्र्याचा तुकडा गेला, आणि त्याच्याबरोबर हबही गेला. तो नट फार जोरात आवळावा लागतो आणि पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. तिथं पत्र्याचे तुकडे घालून चालवणं म्हणजे मागचं चाक रामभरोसे.

गियरबॉक्समध्ये नाटक कमी, मोजमाप जास्त. सुट्या गियरांना बाजूला सरकायला किती जागा आहे ते फिलर गेजनं, म्हणजे मोजक्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, पाहायचं. ०.०७ ते ०.३० मिलिमीटरच्या मध्ये हवी, नसेल तर एंडप्लेटखालचा शिम, म्हणजे पातळ चकती, बदलायचा. माझी जागा जास्त भरली, जाड शिम घातला, आत आली. गियर बदलणाऱ्या सरकत्या डॉगच्या कडा किंचित गोल झाल्या होत्या. नवा डॉग मागवलाही होता, पण त्यावर कानस मारली तर ती सहज धरत होती. म्हणजे धातूला पाणी नीट दिलेलं नाही. जुन्यावरून कानस नुसती घसरली. जुनाच घातला.

क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड प्रेसवर बसवून घेतला आणि लेथच्या दोन सेंटरांत धरून डायलनं तपासून घेतला. बेअरिंगला तर कसला त्रासच नाही. चेनच्या बाजूचं ६३०५. हा नंबर जगात कुठंही तोच, पंपाच्या मोटरीलाही तेच लागतं. सी-थ्री मागायचं तेवढं लक्षात ठेवायचं. आत फटीची जागा थोडी जास्त असते, इंजिन तापल्यावर ती लागते.

ते बसवणं मात्र घरी करण्यातलं सर्वांत मजेचं काम. बेअरिंग आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. सकाळी ॲल्युमिनियमची केसिंग स्वच्छ धुऊन अंगणातल्या मोठ्या शेगडीवर, खाली जाड तवा, मंद आच, मधूनमधून फिरवत. थेट ज्योत लागू द्यायची नाही, नाहीतर एकाच जागी तापून केसिंग वेडीवाकडी होते. तापली की नाही कसं कळायचं? बोटानं पाण्याचा थेंब टाकायचा. नुसता पसरून वाफ झाली तर थांबा. तडतडून उडाला की तयार. मग दुसऱ्याला बोलवायचं, कारण चटका बसतो आणि वेळ नसतो. बायकोनं ओल्या गोणपाटानं केसिंग धरली, मी फ्रीजरमधलं बेअरिंग सरळ वरून सोडलं. टक् करून तळाला बसलं. हातोडा नाही, काही नाही. दोन मिनिटांनी ते ओढून निघत नव्हतं. ती म्हणाली, "एवढंच होय?" गॅरेजमध्ये हेच बेअरिंग पाइप लावून ठोकतात. बसतं तेही, पण गोळ्यांच्या वाटेवर ठोक्यांचे डाग पडतात आणि वर्षाच्या आत घरघर सुरू होते.

सायलेन्सर कार्बननं गच्च भरलेला. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालतात, पण तो हातावर, डोळ्यावर उडाला तर भारी पडतं. मी शेणी रचून आगीत घातला. आतलं तेल स्वतःच पेटलं, गल्लीभर धूर झाला, बोलणी खाल्ली. थंड झाल्यावर ठोकला तर आतून काळी खपली ओंजळभर पडली.

रंगाचं सांगायचं राहिलं. काळ्याखाली मरून, मरूनखाली पिस्ता, पिस्त्याखाली फिकट राखाडी. साइड पॅनलची एक कड पॉलिश पेपरनं तिरपी घासली की चारही पट्टे एकाखाली एक दिसतात. मधे ठिकठिकाणी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, काही ठिकाणी बोटभर जाड. परदेशात भारतातून गेलेल्या लॅम्ब्रेटांची यावरूनच बदनामी आहे. नव्वदीनंतर इथून ढिगानं गाड्या गेल्या, वरून चकाचक, आतून लांबी. आता तिकडचे हौशी लोक उलट्या टोकाला गेलेत. गंज तसाच ठेवून वर लॅकर मारतात, जुनेपणा दिसावा म्हणून. त्यांच्या हवेत चालत असेल. कोल्हापूरच्या पावसात तो गंज पत्र्याशी चर्चा करत बसत नाही. मी सगळं उघड्या पत्र्यापर्यंत खरवडलं आणि ज्या दिवशी पत्रा उघडा केला त्याच दिवशी प्रायमर मारला. जुलैत रात्रभर उघडा राहिला तर सकाळी नारिंगी छटा आलीच समजा. फूटबोर्ड डेंटिंगवाल्याकडे दिला, तेवढं पत्राकाम माझ्या हाताबाहेरचं. वरचा रंग सगळ्यांत तळाचा, राखाडी. हेडसेटच्या, म्हणजे हँडलवरच्या खोळीच्या, आतली बाजू आधीच्या कुणीच रंगवली नव्हती, तिथून शेड जुळवून घेतली.

चाकांबद्दल एक इशारा. या गाड्यांचे रिम दोन अर्ध्यांचे असतात, नटांनी एकमेकांना जोडलेले. चाक काढायचे नट वेगळे, रिम सोडवायचे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना चुकीच्या नटांना पान्हा लावला तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो. आधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडायची, मगच पान्हा शोधायचा.

सहा व्होल्ट तसंच ठेवलं. बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक किट बसवा असा सल्ला प्रत्येकजण देतो, आणि सल्ला वाईट नाही. रात्री जास्त चालवायची असेल तर बसवावंच. या गाडीला बॅटरी नाही, त्यामुळे हेडलाइट रेसवर जगतो. सिग्नलला उभे राहिलात की मालवल्यासारखा होतो. पण पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारे उघडझाप करणारे संपर्क, साफ करून त्यांची फट फिलर गेजनं ०.४ मिलिमीटरच्या आसपास लावणं मला जमतं, बंद पडलेलं इलेक्ट्रॉनिक युनिट मला रस्त्यात दुरुस्त करता येत नाही.

पेट्रोलनं मात्र जुन्या लोकांना नसलेली डोकेदुखी दिली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९६८ च्या रबरानं इथेनॉल कधी पाहिलेलं नाही. फुगतं, मऊ पडतं. पेट्रोलची नळी, कॉकचं पॅकिंग, फ्लोटच्या पिनचं टोक, क्रँकचे दोन्ही ऑइल सील, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या मटेरियलचं घ्यावं लागलं. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो, आणि पेट्रोल सोडणारा कॉक तळालाच असतो. टू स्ट्रोकला तेल पेट्रोलमधून मिळतं. तो थर आधी इंजिनात गेला तर तेलाविना पिस्टन चालतो. म्हणून टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवतो. पंपावर हातानं फिरवायचं टू-टी तेलाचं यंत्र असायचं ते आता दिसत नाही. डिकीत तेलाची बाटली आणि औषधाचं मापाचं झाकण असतं. पोरं विचारतात, काका, गाडीला टॉनिक देताय का.

सुरू झाली ती साधेपणानं झाली. नवा प्लग, ताजं पेट्रोल, चोक ओढून किक. आधी एक फट्, मग काहीच नाही, मग धरली. जुळणी करताना आत लावलेलं तेल जळून निळा धूर, मग तो विरळ झाला. मामांना फोनवर आवाज ऐकवला. म्हणाले, रेस सोडा, हळू चालू दे, लायनर नवा हाय.

कागदांचं. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार. त्या नियमात गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको अशी अट आहे. माझं गनमेटलचं बुश त्यात बसलं असतंच. पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला मंडईत जायचं होतं. म्हणून जुनीच आरसी जिवंत केली. मूळ मालक वारलेले, तेव्हा आधी फॉर्म ३१ वर त्यांच्या मुलाच्या नावावर, तिथून २९ आणि ३० वर माझ्या नावावर, शिवाय नूतनीकरणाचा २५ आणि ग्रीन टॅक्स. मुलगा दोनदा गावाहून आला, एकदा शेतातली वांगी घेऊन. पीयूसीची मला धास्ती होती. २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो. चावी आणि जेट नवे असल्याचा उपयोग तिथं झाला, आरामात बसली.

आता आठवड्यातून दोन-तीनदा फिरते. चढावर दुसरा गियर कधीकधी सुटतो. केबल ताणली असेल तर अर्ध्या तासाचं काम, जुना डॉग असेल तर इंजिन परत बाकावर. आधी केबल बघतो.